आधी डिस्क कुठली ते बघा, मग सॉफ्टवेअर

गेल्या अंकात ‘कॉम्प्युटर हळू झाला तर’ या प्रश्नाला उत्तर देताना मी डीफ्रॅगचा, म्हणजे डिस्कवर तुकडे होऊन विखुरलेल्या फाइल पुन्हा सलग लावण्याचा, एका ओळीत उल्लेख केला आणि पुढे गेले. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यातच संपणार आहे. बहुतेकांचं मागणं एकच, ‘ताई, एखाद्या चांगल्या मोफत सॉफ्टवेअरचं नाव सांगा.’ नावं सांगते, पण त्याआधी थोडी उलटतपासणी होईल.

प्रश्न : घरी विंडोज १० चा जुना डेस्कटॉप आहे. १ टीबीची हार्ड डिस्क, त्यातली जेमतेम १०० जीबी रिकामी. मशिन चालू केल्यावर बराच वेळ काही उघडतच नाही. डीफ्रॅग करा म्हणून सगळे सांगतात. शोधायला गेलो तर ‘सर्वोत्तम १५ मोफत डीफ्रॅग सॉफ्टवेअर’ अशा याद्याच याद्या, आणि प्रत्येक यादीत पहिला नंबर वेगळा. नेमकं कुठलं घेऊ?

आज तरी कुठलंच डाउनलोड करू नका. डीफ्रॅग करणारा प्रोग्राम तुमच्या विंडोजमध्ये पहिल्यापासून आहे. स्टार्ट मेन्यूत इंग्रजीत ‘डीफ्रॅग’ टाइप केलंत की ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ हे नाव वर येईल. ते उघडा. प्रत्येक ड्राइव्हसमोर ‘मीडिया टाइप’ नावाचा रकाना दिसेल. लोक तो न वाचताच खालचं बटण दाबतात. तिथे ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ लिहिलं असेल तरच हे उत्तर पुढे वाचा. ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असेल तर सरळ दुसऱ्या प्रश्नावर जा.

हार्ड डिस्कच आहे? मग शेजारच्या रकान्यात शेवटचं ऑप्टिमाइझ कधी झालं ती तारीख बघा. खालच्या बाजूला ‘आठवड्यातून एकदा आपोआप’ अशा अर्थाची नोंद चालू दिसेल. आपोआप होतं, तर मग अडतं कुठे? विंडोजची ही देखभाल मूळ सेटिंगप्रमाणे रात्री २ वाजता ठरलेली असते. त्या वेळी घरचा डेस्कटॉप बंद. हुकलेलं काम मशिन नंतर मोकळं असताना उरकतं खरं, पण घरात कॉम्प्युटर लावायचा तो कामासाठी आणि काम झालं की बंद करायचा. त्याला मोकळं बसायला मिळणार कधी? माझ्या टेबलावर येणाऱ्या कित्येक मशिनवर ती तारीख काही महिन्यांपूर्वीची असते.

तेव्हा सवड असेल त्या दिवशी ‘अ‍ॅनालाइझ’ दाबा. आकडा १० टक्क्यांच्या आत आला तर डीफ्रॅग करून तुम्हाला काही फरक कळणार नाही. जास्त आला तर ‘ऑप्टिमाइझ’ दाबा आणि मशीन तसंच राहू द्या. एवढी भरलेली डिस्क पहिल्यांदा लावताना कित्येक तास जातात, आणि मध्येमध्ये टक्केवारी पुढे सरकत नाही तेव्हा अडकलं असं समजू नका.

पण त्याआधी जागा करा. तुमच्याकडे दहाच टक्के रिकामी आहे. विंडोज एक्सपीमधला डीफ्रॅग १५ टक्के मोकळी जागा नसेल तर तशी सूचना द्यायचा. आताचा तेवढं अडून बसत नाही, पण गरज तीच आहे. फाइलचे तुकडे एकत्र आणायचे तर ती अख्खी मावेल अशी सलग जागा आधी हवी. डाउनलोडचं फोल्डर, दोनदोनदा साठवलेले व्हिडिओ, कधीच काढून टाकलेल्या फोनचे बॅकअप एवढं हलवलंत तरी काम भागेल.

आता तुकडे होतात कसे आणि त्याने बिघडतं काय, ते आकड्यांत बघू. विंडोजची एनटीएफएस पद्धत डिस्कचे सहसा ४ केबीचे कप्पे पाडते. फाइल लिहिताना सलग कप्पे मिळाले नाहीत तर जिथे मोकळे सापडतील तिथे ती वाटून ठेवते. डेस्कटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. वाचणारं हेड योग्य पट्ट्यावर जायला सरासरी ९ मिलिसेकंद घेतं आणि हवा तो भाग फिरून त्याच्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी ४. एकूण झाले १३. दर नव्या तुकड्यामागे हा १३ मिलिसेकंदांचा दंड. १०० एमबीची फाइल सलग असेल आणि डिस्क सेकंदाला १५० एमबी वाचत असेल, तर पाऊण सेकंदाच्या आत वाचून होते. तीच फाइल हजार तुकड्यांत असेल तर नुसत्या धावपळीत १३ सेकंद जातात. डीफ्रॅगचा सगळा फायदा या १३ सेकंदांत आहे.

याच हिशेबाने विंडोज ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे मोजतच नाही. एवढा तुकडा वाचायला ०.४ सेकंद लागतात, त्यात १३ मिलिसेकंद म्हणजे तीन टक्के. तेवढ्यासाठी अख्खी फाइल हलवायची कशाला? काही बाहेरचे प्रोग्राम हे मोठे तुकडेही मोजतात. त्यामुळे विंडोज २ टक्के सांगतं आणि नवं सॉफ्टवेअर २० टक्के सांगतं, आणि माणसाला वाटतं, बघा, विंडोजला कळलंच नव्हतं!

मग त्या १५ सॉफ्टवेअरचं काय? विंडोजमध्ये फाइलचे कप्पे हलवायची एक अधिकृत सोय आहे. ती १९९६ च्या विंडोज एनटी ४.० पासून आहे आणि डीफ्रॅग करणारे जवळजवळ सगळे प्रोग्राम, फुकटचे असोत की विकतचे, त्याच सोयीला हाक मारतात. कुठली फाइल आधी हलवायची, कुठे ठेवायची, चित्र कसं दाखवायचं एवढाच त्यांच्यातला फरक. ‘आमचं तंत्र तिप्पट वेगवान’ असं वाचलंत की ही गोष्ट आठवा.

तरीही काही कामांना बाहेरचं साधन खरोखर बरं पडतं. विंडोजचा प्रोग्राम अख्खा ड्राइव्ह करतो, एकच फाइल कर म्हटलं तर ऐकत नाही. ईमेलची एखादी वाढत वाढत ४० जीबी झालेली फाइल असेल किंवा व्हर्च्युअल मशिनची (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरची) डिस्क फाइल असेल, तर ‘कॉन्टिग’ वापरा. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स या विंडोजच्या साधनांच्या संचातलं हे छोटं साधन. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो संचच विकत घेतला, त्यामुळे ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मिळतं. इन्स्टॉल करावं लागत नाही, जाहिरात नाही, मागे काही चालू राहत नाही. मात्र काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची तयारी हवी. माझ्या पेनड्राइव्हवर ते कायम असतं.

कमांडचा कंटाळा असेल तर ‘डीफ्रॅगलर’. कुठल्या फाइलचे किती तुकडे झालेत याची यादी दाखवतं आणि त्यातल्या निवडक फाइलच करता येतात. पण २०१८ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही, हे लक्षात ठेवून घ्या. ‘अल्ट्राडीफ्रॅग’ सातव्या आवृत्तीपर्यंत मुक्त-स्रोत होतं, पुढे विकतचं झालं. विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच काम करायची सोय त्यात आहे, एरवी वापरात अडकलेल्या फाइलना ती उपयोगी पडते. ‘ऑसलॉजिक्स डिस्क डीफ्रॅग’ आणि आयओबिटचं ‘स्मार्ट डीफ्रॅग’ ही दोन नावं प्रत्येक यादीत असतात. दोन्ही काम करतात, दोन्हींची पैसे मोजून घ्यायची ‘प्रो’ आवृत्ती आहे, आणि मोफत आवृत्ती कुठल्याही कंपनीची असो, ती त्या दुकानाची पायरी असते एवढं ओळखून चढा.

इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ निवडा आणि प्रत्येक पान वाचून नको त्या टिक काढा. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलेल्या मशिनवर ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं असतं, दुसरा अँटिव्हायरस येऊन बसलेला असतो आणि घरातले म्हणतात आम्ही तर काहीच केलं नाही. डीफ्रॅगबरोबर ‘रजिस्ट्री साफ करा’, ‘ड्रायव्हर अपडेट करा’ असंही सांगणारं सॉफ्टवेअर असेल तर मी ते आणलेल्या पावली परत पाठवते. मूळ कंपनीच्या साइटशिवाय दुसरीकडून घेऊ नका, आणि तेवढ्यानेही निर्धास्त होऊ नका. २०१७ मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध साफसफाईच्या प्रोग्रामच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोचली होती. मशिनवर जितके कमी प्रोग्राम तितकी ही भानगड कमी.

राहिलं तुमचं सुरुवातीचं ताटकळणं. त्याचं कारण बहुधा तुकडे नाहीतच. टास्क मॅनेजर उघडून ‘डिस्क’च्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे जास्त डिस्क खाणारे वर येतील. अँटिव्हायरसची तपासणी, विंडोज अपडेट, सर्चची सूची आणि सुरुवातीलाच चालू होणारे दहाबारा प्रोग्राम, असे नेहमीचे यशस्वी कलाकार तिथे सापडतील. ‘स्टार्टअप’ टॅबमध्ये जाऊन नको ते बंद करा. रॅम ४ जीबी असेल तर उरलेलं सामान विंडोज डिस्कवर टाकत बसतं, ते डीफ्रॅगने थांबणार नाही. विंडोज एसएसडीवर, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्हवर घेणं आणि हार्ड डिस्क नुसती साठवणीला ठेवणं, याने जो फरक पडतो तो कुठल्याही डीफ्रॅगने पडत नाही. आणि विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत, तेव्हा या मशिनचा विचार तसाही करावाच लागणार आहे.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे. मित्राने एक मोफत डीफ्रॅग सॉफ्टवेअर टाकून दिलं. लॅपटॉप सुरू केला की ते रोज आपोआप चालतं आणि दर वेळी ‘फ्रॅगमेंटेशन आढळले’ म्हणतं. वर्ष झालं. एसएसडी खराब झाली असेल का?

बहुधा नाही, पण ते सॉफ्टवेअर आज काढून टाका. मित्राला रागावू नका.

एसएसडीत फिरणारी तबकडी नाही, हेड नाही, त्यामुळे वर सांगितलेला १३ मिलिसेकंदांचा दंडही नाही. डेटा कुठेही असला तरी पोचायला साधारण ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी. वरच्या उदाहरणातले हजार तुकडे इथे फार तर सेकंदाचा दहावा भाग घेतील. शिवाय विंडोजला जे कप्पे ‘शेजारी शेजारी’ वाटतात ते चिपमध्ये खरोखर शेजारी नसतातच. आतला कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून डेटा स्वतःच्या मर्जीने पसरवत असतो. तुम्ही तुकडे एकत्र केलेत असं विंडोजला वाटतं, आत मात्र ते आणखी तिसरीकडे गेलेले असतात. मिळत काही नाही, लिहिण्याचं आयुष्य तेवढं खर्च होतं.

किती खर्च झालं ते बघता येतं. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत, मुक्त-स्रोत साधन घ्या. उघडल्याबरोबर डावीकडे एसएसडीची तब्येत टक्क्यांत दिसते आणि उजवीकडे ‘टोटल होस्ट राइट्स’मध्ये आजवर किती जीबी लिहिलं गेलं ते दिसतं. ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींना ३०० टीबीच्या आसपास लिखाणाची हमी असते. वर्षभराच्या रोजच्या डीफ्रॅगने तुमचा आकडा २०-३० टीबीवर गेला असेल तरी घाबरण्यासारखं काही नाही.

विंडोजचं स्वतःचं ‘ऑप्टिमाइझ’ मात्र एसएसडीसाठीही चालूच ठेवा. नाव तेच असलं तरी काम वेगळं आहे. तिथे ते ‘ट्रिम’ करतं, म्हणजे पुसलेल्या फाइलचे कप्पे आता मोकळे समज असं एसएसडीला कळवतं. विंडोज ७ पासून ही सोय आहे. ज्यांना बारकावे आवडतात त्यांच्यासाठी : सिस्टिम रिस्टोर (विंडोज आधीच्या स्थितीवर परत नेण्याची सोय) चालू असेल तर विंडोज अधूनमधून, साधारण महिन्याने, एसएसडीवर थोडं खरं डीफ्रॅगही करतं, कारण एका फाइलच्या तुकड्यांची नोंद किती लांबू शकते याला फाइल सिस्टिममध्ये मर्यादा आहे. ते त्याचं ते बघून घेतं. आपण मध्ये पडायचं नाही.

प्रश्न : डीफ्रॅग चालू असताना वीज गेली तर फाइल जातील का?

जायला नकोत. विंडोज आधी तुकडा नव्या जागी लिहितं, मग नोंद बदलतं, आणि एनटीएफएस ही नोंदही आधी टिपून ठेवतं. वीज गेली तर तो तुकडा जुन्याच जागी राहिला असं होतं. तरी महत्त्वाच्या फाइलची दुसरी प्रत हवीच. ती काही डीफ्रॅगसाठी नव्हे, एरवीही हवी. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून बसवा.

प्रश्न : मी निवृत्त माणूस. पूर्वी विंडोज ९८ वर डीफ्रॅग लावलं की रंगीत चौकोन सरकताना दिसायचे. तासन्‌तास बघत बसायचो. आता नुसती टक्केवारी दिसते. ते चौकोन दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर आहे का? माझ्या पत्नीला हा प्रश्न वेडेपणाचा वाटतो.

काकूंना सांगा, या प्रश्नाची पत्रं एकट्या तुमचीच नाहीत. ‘डिटेल्स’ बटण दाबलं की चौकोनांचं मोठं गाव उघडायचं. वाचताना एक रंग, लिहिताना दुसरा. दहा टक्क्यांवर गेलं की कुठला तरी प्रोग्राम डिस्कवर काहीतरी लिहायचा, ‘ड्राइव्हमधला मजकूर बदलला, पुन्हा सुरुवात करत आहे’ असा निरोप यायचा आणि सगळं पहिल्यापासून. स्क्रीनसेव्हर बंद करून, माउस बाजूला ठेवून, घरात कोणाला फिरकू न देता बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मायक्रोसॉफ्टने पहिला डीफ्रॅग १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० बरोबर दिला, तोही सिमँटेककडून परवाना घेऊन. विंडोज २००० मधला एक्झिक्युटिव्ह सॉफ्टवेअर या कंपनीकडून आला होता. व्हिस्टामध्ये चित्र काढून टाकलं आणि काम पडद्याआड गेलं. तुम्हाला हवं ते डीफ्रॅगलरमध्ये मिळेल. निळे चौकोन म्हणजे सलग फाइल, लाल म्हणजे तुकडे, पांढरे रिकामे. एखाद्या चौकोनावर क्लिक केलंत तर त्यात कुठल्या फाइल आहेत तेही कळतं, ही चैन विंडोज ९८ मध्ये नव्हती.

फक्त लाल रंग बघून धास्तावू नका. १ टीबीच्या डिस्कवर ४ केबीचे सुमारे २४ कोटी कप्पे असतात. पडद्यावर पाच हजार चौकोन धरले तर एकेका चौकोनात जवळपास ४९ हजार कप्पे आले. त्यात एका फाइलचा एखादा तुकडा असला तरी चौकोन लाल दिसू शकतो. मजा म्हणून बघा, आणि तुमच्या मशिनमध्ये हार्ड डिस्कच आहे ना, तेवढी खात्री करून घ्या.

प्रश्न : डीफ्रॅग लावलं की दर वेळी ११ टक्क्यांवर अडतं. डिस्कमधून टक्‌... टक्‌... असा आवाज येतो. विंडोजचं बिघडलंय असं समजून दुसरं मोफत सॉफ्टवेअर टाकलं, तेही तिथेच अडतं. तिसरं कुठलं घेऊ?

कुठलंही नको. हे वाचून झाल्यावर डीफ्रॅगचं बटण पुन्हा दाबू नका.

दोन वेगळे प्रोग्राम एकाच ठिकाणी थांबतात आणि बरोबर आवाज येतो, याचा अर्थ डिस्कचा तेवढा भाग वाचला जात नाही. हेड त्याच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतंय, तो आवाज त्याचा. एरवीची बारीक खरखर वेगळी, ती कामाची असते. ठरावीक अंतराने येणारा टक्‌ हा वाईट. मी अशा वेळी कॅबिनेटला कान लावते. एकदा ऐकला की हा आवाज पुन्हा ओळखायला चुकत नाही.

आजारी डिस्कवर डीफ्रॅग करण्याइतकं वाईट दुसरं काही नसेल. ते डिस्कचा कोपरान्‌कोपरा वाचतं आणि धडधाकट फाइल उचलून, कदाचित खराब होऊ घातलेल्या जागी, नव्याने लिहितं. उरलेलं आयुष्य त्या खटाटोपात घालवू नका.

आधी दुसरी डिस्क जोडा आणि जे परत मिळणार नाही ते पहिल्यांदा कॉपी करा. म्हणजे फोटो, स्वतः लिहिलेली कागदपत्रं, हिशेब. सिनेमे आणि प्रोग्राम शेवटी, जमले तर. एखादी फाइल अडली तर ती वगळून पुढे जा, तिच्यासाठी हट्ट धरू नका. सगळं निघाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो लावा आणि तीन ओळी बघा : ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे आजवर बाद करून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे, सी६ म्हणजे सुधारता न आलेले. वर बहुधा पिवळ्यात ‘कॉशन’ लिहिलेलं असेल. सी५ आणि सी६ शून्य नसतील तर ती डिस्क बदला. निळ्यात ‘गुड’ आलं तरी आवाज असेल तर माझा विश्वास कानावर.

एका घरी अशा डिस्कवर आधी डिस्क चेक लावून दुरुस्तीचा प्रयत्न झाला आणि मग बॅकअपची आठवण आली. तोवर डिस्क दिसायचीच बंद झाली होती. बॅकअप आधी, तपासणी नंतर, दुरुस्ती सगळ्यात शेवटी.

प्रश्न : बाहेरून जोडायची २ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क डीफ्रॅगला लावली. दोन दिवस झाले, संपत नाही. कॉपी करताना मात्र नीट चालते.

थांबवा. ‘स्टॉप’ दाबून थांबवलं तर काही बिघडत नाही.

अडीच इंची यूएसबी डिस्कमध्ये हल्ली बऱ्याचदा ‘शिंगल्ड’ पद्धत असते. जास्त डेटा मावावा म्हणून त्यात लिखाणाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे मधला एक पट्टा बदलायचा तर त्याच्या पुढचे कित्येक पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. सलग कॉपी करताना हे जाणवत नाही, डिस्कमधला राखीव भाग ते सांभाळून नेतो. डीफ्रॅग म्हणजे मात्र इथून उचल, तिथे लिही असा हजारो बारीक हलवाहलवींचा खेळ. राखीव भाग भरला की वेग कोसळतो. तुमची डिस्क नेमकी त्याच जातीची आहे का, ते मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपत्रकात कळेल.

अशा डिस्कला डीफ्रॅगची गरजही क्वचितच. फोटो आणि व्हिडिओ एकदा टाकले की ते तसेच राहतात, त्यांचे तुकडे होणार कुठून? खूप पुसापुशी आणि भराभरी झाली असेलच, तर सगळं दुसऱ्या डिस्कवर काढा, ही फॉरमॅट करा आणि परत भरा. दोन्ही वेळा कॉपी सलग होते आणि फाइलही सलग बसतात. मधल्या काळात डेटाची एकच प्रत असते, म्हणून फॉरमॅट करण्याआधी कॉपी झालेल्या चारदोन मोठ्या फाइल उघडून बघा.

प्रश्न : पेनड्राइव्ह, मॅक आणि लिनक्स यांना डीफ्रॅग लागतं का?

पेनड्राइव्हला नाही, कारण तेच जे एसएसडीचं. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत २००३ पासून २० एमबीपेक्षा लहान आणि आठपेक्षा जास्त तुकडे झालेल्या फाइल उघडतानाच सलग करून घेते. आताच्या मॅकमध्ये तर एसएसडीच असते. लिनक्सची ईएक्सटी४ लिहायला थोडा उशीर करून सलग जागा शोधते. त्यासाठी ‘ई४डीफ्रॅग’ नावाचं साधन आहे, घरी ते वापरायची वेळ मी कधी पाहिली नाही.

प्रश्न : ५०० जीबीच्या सी ड्राइव्हवर ३०० जीबी रिकामी आहे. त्यातून वेगळा ड्राइव्ह काढायचा म्हटलं तर विंडोज फक्त ४० जीबी कमी करू देतं. डीफ्रॅग करूनही तेच. यासाठी कुठलं मोफत सॉफ्टवेअर चालेल?

तुमच्या डिस्कवर न हलणारी एखादी फाइल पार शेवटाकडे बसली आहे, आणि विंडोज तिच्या अलीकडे ड्राइव्ह कापू शकत नाही. अशा फाइल ठरलेल्या असतात. हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर ठेवून मशिन बंद होतं ती सोय), पेजफाइल (रॅममध्ये न मावलेलं सामान ठेवायची फाइल), सिस्टिम रिस्टोरचे साठे आणि कधी एनटीएफएसची स्वतःची नोंदवही. साधं डीफ्रॅग त्यांना हात लावत नाही.

कुठली फाइल आडवी आली ते विंडोज लिहून ठेवतं, फक्त कोणी वाचत नाही. ड्राइव्ह कमी करायचा प्रयत्न एकदा करा, मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘अ‍ॅप्लिकेशन’मध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचं नाव त्यात असतं.

बॅकअप घ्या. मग हायबरनेशन असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही कमांड द्या (अक्षरं अर्थातच इंग्रजी). पेजफाइल असेल तर व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमधून ती तात्पुरती बंद करा, रिस्टोर असेल तर सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा. बंद करताना जुने रिस्टोर पॉइंट जातात, हे ध्यानात ठेवा. मशिन रीस्टार्ट करा. हार्ड डिस्क असेल तर ‘डीफ्रॅग सी: /एक्स’ देऊन मोकळी जागा एकत्र करून घ्या आणि पुन्हा ‘श्रिंक’ करून बघा. तरीही कमी जागा मिळाली तर पुन्हा २५९ ची नोंद वाचा, आता नाव दुसरं असेल. नोंदवहीचंच नाव आलं तर मात्र विंडोजबाहेरून सुरू होणारं पार्टिशनचं साधन लागेल. मुक्त-स्रोत ‘जीपार्टेड’ त्यासाठी चांगलं आहे, पेनड्राइव्हवरून चालतं. ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर जीपार्टेड लावण्याआधी ते काढावं लागेल. काम झालं की पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन आठवणीने परत चालू करा.